किल्ल्या माझ्याकडे आहेत, घरं तुमची आहेत : मुंबई मंडळाला खुलं पत्र

प्रति,
आमच्या गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि विरारपासून दिव्यापर्यंत पसरलेले सगळे चाकरमानी काका, अण्णा, दादा, वहिनी यांना

स.न.वि.वि.

हे मी आधी ग्रुपवर टाकणार होतो. पण ग्रुपवर काही टाकलं की पाच मिनिटांत त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो आणि विषय वर निघून जातो, म्हणून उघडच लिहितोय, ज्याला वाचायचं त्याने वाचावं. गावाचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातला आहे एवढं बास, बाकी तुम्हाला माहीत आहेच.

मे महिन्यात देवळात मिटिंग झाली तेव्हा तुम्ही ठराव केलात की गावातलं बंद घर कुणीही बाहेरच्या माणसाला राहायला द्यायचं नाही, भाड्याने नाही आणि फुकटही नाही, आणि जो देईल त्याच्या घरी शिमग्याला पालखी जाणार नाही. हात वर झाले, ठराव पास झाला, मग जेवणं झाली. त्या दिवशी देवळात दीडशेच्या आसपास माणसं होती, त्यात बारा महिने गावात राहणारी किती ते मी मोजलं, १९ भरली. मी पण त्यातलाच एक. मी हात वर केला नाही पण बोललो पण नाही, ती माझी चूक. घरी आल्यावर बायको म्हणाली, तिथे तोंड शिवलं होतं का, आता मला कशाला सांगताय. म्हणून हे पत्र.

माझं काम तुम्हाला माहीत आहे, पंप-मोटर दुरुस्ती आणि वायरिंग. सगळ्यांच्या घरात येणंजाणं, त्यामुळे सगळ्यांच्या किल्ल्या हळूहळू माझ्याकडे आल्या. बाबांच्या वेळी ४ होत्या. आता दाराच्या मागे फळीला खिळे ठोकलेत आणि २६ लटकतायत, प्रत्येकीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळून बायकोने पेनाने लिहिलंय. 'तात्या वरचं घर', 'मास्तर', 'आत्ये', 'पोस्टाजवळ'. पावसाळी हवेत शाई पसरते, मग दर आगोटीला, पावसाच्या तोंडावर, परत लिहायला लागतं. दोन पट्ट्यांवर माणसाचं नावच नाही, कारण घर नक्की कुणाचं याचं भांडण तिकडे मुंबईत चालू आहे, तिथे नुसतं 'वडाकडचं' आणि 'पऱ्याजवळचं' (पऱ्या म्हणजे ओहोळ) असं लिहून ठेवलंय.

गणपतीच्या आठ दिवस आधी फोन सुरू होतात. जरा उघडून ठेव रे, लाईट बघ, पंप चालू होतोय का बघ. मी जातो. गेल्या वर्षी मास्तरांचं घर उघडलं तर दार अर्धंच उघडलं, चौकटीला वाळवी धरून दार फुगलेलं. आत वटवाघळांचा वास. माजघरातल्या भिंतीवर कॅलेंडर सप्टेंबर २०१९चं. माकडांनी कौलं सरकवली होती तिथून पाणी येऊन वासा काळा पडलेला, नख लावलं तर भुगा हातात आला. चिऱ्याच्या भिंतीला काही होत नाही हो, ती तुम्हा-आम्हाला पोचवून उभी राहील. पण वासे टिकतात ते चुलीच्या धुराने, हे आपलीच म्हातारी माणसं सांगायची. पाच दिवस गणपतीत गॅसवर मोदक केले म्हणजे धूर होत नाही.

आता तुमच्या ठरावाने काय झालं ते सांगतो, नुसतं तत्त्वाचं बोलत नाहीये.

पहिलं म्हणजे सिस्टर. आरोग्य उपकेंद्राला दीड वर्षाने सिस्टर मिळाली, लातूरकडची, बरोबर नवरा आणि दोन मुलं, एक तिसरीतला, एक बालवाडीतली. नवरा कॉम्प्युटरवर घरून काम करणारा, त्याला फक्त नेट पाहिजे आणि ते आता बाजारपेठेत बरं चालतं. उपकेंद्राचं क्वार्टर गळतंय म्हणून निर्लेखित, म्हणजे वापरातून बाद, करून ठेवलंय, त्यामुळे ती घर शोधत माझ्याकडे आली, कारण कुणीतरी सांगितलं सगळ्या किल्ल्या यांच्याकडे. मला एवढा आनंद झाला होता की मी त्याच संध्याकाळी तिघांना मुंबईला फोन लावले. तिघांनीही आधी काय विचारलं? नोकरी पक्की आहे का, भाडं किती देतील, असं काही नाही. "आडनाव काय?" मी सांगितलं. मग एकाकडे भावाला विचारायचं होतं, दुसऱ्याच्या मुलाचं मे महिन्यात यायचं ठरत होतं, तिसऱ्याने फोन परत उचललाच नाही. आणि पुढच्या मिटिंगला ठराव.

म्हणजे बघा, बाजारपेठ आणि तिन्ही वाड्या धरून मी मोजली तर ६३ घरं बंद, आणि त्या गावात गावच्याच सिस्टरला दोन खोल्या मिळाल्या नाहीत. ती आता तालुक्याला राहते, २८ किलोमीटर, स्कूटीवरून येते आणि पाचला निघते. जूनमध्ये बाय आत्येला अंगणात लाकडं उचलताना फुरसं, तो विषारी साप, चावलं, वेळ रात्री साडेआठ. आम्ही टेम्पोत घालून तालुक्याला नेलं. वाचली. पण त्या पाऊण तासात टेम्पोच्या मागे तिचा पाय धरून बसलेलो मी होतो, ठरावाला हात वर करणारं कुणी नव्हतं. सिस्टर गावात असती तर विष उतरवलं असतं असं मी म्हणत नाही, ते औषध मोठ्या दवाखान्यातच. पण काय करायचं, काय नाही करायचं हे सांगणारं माणूस तरी असतं. आमच्यातला एक पाय करकचून बांधायला निघाला होता, जे करायचं नसतं.

दुसरं, शाळा. आणि इथे माझा स्वार्थ आहे, तो आधीच कबूल करतो. माझी मुलगी तिसरीत आहे, बायको शाळेत पोषण आहार शिजवते. तिसरीच्या वर्गात माझी मुलगी एकटी. पहिला नंबर तिचा, शेवटचा पण तिचाच, आणि भांडायला कुणी नाही म्हणून घरी येऊन आईशी भांडते. सिस्टरचा मुलगा तिसरीतलाच होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. शाळेचा पट ११. सप्टेंबर २०२३मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवून लहान शाळा एकत्र करणाऱ्या समूह शाळांचे प्रस्ताव मागितले होते तेव्हा तुम्हीच ग्रुपवर केवढे चिडला होतात, 'आमची शाळा वाचवा', 'आमच्या आजोबांनी जागा दिली', रडक्या चेहऱ्यांच्या इमोजी. ती शाळा वाचवायला काय लागतं माहितेय का, पोरं लागतात. इमोजीचा पट धरत नाहीत.

आणि त्या ११ मध्ये कोण कोण आहेत ते पण ऐका. गावची ५. चिरेखाणीवरच्या विजापूरकडच्या कुटुंबाची २. आणि ४ नेपाळी, आंब्याच्या बागेत राखणीला आणि फवारणीला असणाऱ्यांची. म्हणजे ज्यांना तुम्ही बाहेरचे म्हणता त्यांच्या जिवावर तुमच्या आजोबांच्या जागेतली शाळा चालू आहे. ही माणसं आठ-आठ वर्षं इथे आहेत, बागेतल्या मांगरात राहतात, पत्र्याच्या, एका खोलीत. त्यातली एक पोरगी चौथीत आहे, स्पर्धेत मराठी कविता म्हणून बक्षीस घेऊन आली. तिच्या आईने मला एकदा विचारलं, दादा, पावसापुरती तरी एक खोली मिळेल का, मांगरात पाणी येतं. माझ्या दाराच्या मागे २६ किल्ल्या होत्या. मी नाही म्हणालो. कसं वाटलं ते लिहीत बसत नाही.

तिसरं, कमान. देवळाच्या फाट्यावर प्रवेशद्वाराची कमान बांधायला ९ लाखाची वर्गणी ठरली, माणशी रक्कम पण ठरली, छान. देवावर माझीही श्रद्धा आहे, माझाही पालखीला खांदा असतो. पण कमानीखालून आत कोण येणार आहे ते तरी ठरवा.

वस्तीची एसटी, रात्री गावात मुक्कामाला असायची ती, बंद झाली, डेपोत विचारलं तर भारमान नाही, म्हणजे प्रवासी नाहीत, म्हणाले. त्यावर काय बोलणार, खरंच नाहीये.

ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा पैसा येतो तो मुख्यतः डोकी मोजून येतो, पाखाड्यांना, आपल्या पायऱ्यांच्या वाटांना, लाईट नाही म्हणून गणपतीत सरपंचाला ओरडता तेव्हा हे पण लक्षात ठेवा. डोकी मुंबईत मोजली जातात.

आता हे फक्त आपल्याच गावाचं रडगाणं नाही. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची कमी झाली, १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर. म्हणजे दहा वर्षांत ८१ हजार माणसं कमी. सिंधुदुर्गाची पण घटली, ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजार. आपल्या जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ११२२ बायका, हे काही कौतुक नाही, बाप्ये मुंबईत आणि बायका गावात याचा तो हिशोब आहे. २०२१ची जनगणना झालीच नाही, नवीन आकडे येतील तेव्हा येतील, पण मला आकडा नको, मला खिळे मोजता येतात.

मी मोबाईलवर बघत बसतो रात्री, त्यात कळलं की उत्तराखंडात असाच प्रकार आहे, तिथल्या सरकारने २०१७ला पलायन आयोगच बसवला आणि त्यांनी मोजलं तर २०११नंतर ७३४ गावं पूर्ण रिकामी झालेली. जपानात २०२३च्या पाहणीत ९० लाख घरं रिकामी निघाली. तिथे छोट्या गावांच्या नगरपालिका स्वतः बंद घरांची यादी करतात, फोटोसकट लावतात, कुणाला यायचं असेल तर या, राहा, दुरुस्तीला थोडी मदतही करतात. आपल्याकडे यादी आहे, माझ्या दाराच्या मागे. फक्त उलटी, कुणाला द्यायचं नाही त्याची.

तुमची भीती मला समजत नाही असं नाही. मिटिंगमध्ये अण्णा उठून म्हणाले, "आज खोली देशील, उद्या कूळ लागेल." म्हणजे राहणारा उद्या मालकी सांगेल. ही भीती आपल्याकडे रक्तातच आहे. १९४८चा कूळ कायदा, मग १ एप्रिल १९५७चा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली, त्याच्या गोष्टी ऐकतच आपण मोठे झालो. पण खरं बोलायचं तर आपल्यातल्या निम्म्यांच्या सातबाऱ्यावर जमीन आली ती आपले आजोबा कूळ होते म्हणूनच, त्यांचेच नातू आता कूळ लागेल म्हणून घाबरतायत. आणि तो कायदा कसणाऱ्याचा आणि शेतजमिनीचा. सिस्टर तुमची शेती कसायला आली नव्हती, तिला दोन खोल्या आणि न्हाणीघर पाहिजे होतं. घर राहायला द्यायचं तर अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करून देतात, हे मी तुम्हाला सांगायचं? तुमच्यातल्या कितीतरी जणांनी नालासोपाऱ्यातला, डोंबिवलीतला दुसरा फ्लॅट असाच भाड्याने दिलाय, कुणाला ते माहीत नसताना, एजंटच्या भरवशावर. तिकडे परका चालतो.

दुसरी भीती, नमुना आठला, ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर, ११ नावं आहेत, एकाने दिलं तर दहा भांडतील. हे खरं आहे आणि हे कठीण आहे, मी खोटं सांगत नाही. पण अकरा जणांची सही घेऊन तुम्ही सामाईक काजूच्या बागेची पावणी, म्हणजे उत्पन्नाचा लिलाव, देता ना दर वर्षी? सह्या होतात, पैसा दिसला की होतात.

तिसरी भीती सगळ्यात खरी, बाहेरचे येतील आणि जमिनी घशात घालतील. इथे मी तुमच्याच बाजूचा आहे. सड्यावर जेसीबी फिरवून प्लॉट पाडणारे एजंट मीही बघतो, त्यांना मीही पाणी विचारत नाही. पण गंमत बघा, ती जमीन विकली कोणी? गावात राहणाऱ्याने नाही विकली. विकायला ठराव आडवा आला नाही, राहायला द्यायला आला. जो सातबारा घेऊन, कुंपण घालून निघून जातो आणि वर्षातून दोनदा गाडी घेऊन येतो तो चालतो, आणि जो पोरं शाळेत घालेल, दुकानातून साखर घेईल, रात्री कुणी आजारी पडलं तर बॅटरी घेऊन येईल तो परका.

आणि परका म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या आजोबांची मुंबईतली 'गावची खोली' सगळ्यांना आठवत असेल, लालबागला, एका खोलीत तीन पाळ्यांत वीस-पंचवीस माणसं झोपायची, ट्रंका भिंतीला, जेवण खानावळवाल्या मावशीकडे. ती मावशी आपल्या गावची नव्हती. ती चाळ आपल्या गावच्या कुणाची नव्हती. कुणीतरी किल्ली दिली म्हणून त्या खोलीतून इथे मनीऑर्डरी आल्या आणि त्या मनीऑर्डरींवर ही चिऱ्याची घरं उभी राहिली, जी आज बंद आहेत. १९८२च्या गिरणी संपानंतर निम्मे परत आले तेव्हा पण घरं उघडी होती म्हणून राहायला जागा मिळाली. लॉकडाऊनमध्ये तर तुम्ही सगळेच आलात, चौदा दिवस शाळेत राहिलात, त्याच शाळेत, आणि त्या वर्षी पावसाळ्यात रात्री पाखाडीवरून खाली बघितलं की सगळ्या वाडीत लाईट दिसायचे. माझी पोरगी तेव्हा लहान होती, तिला वाटायचं दिवाळी आहे. तुमच्यातलेच दोघं-तिघं म्हणत होते, आता जायचंच नाही, इथेच काहीतरी करू. मी विश्वास ठेवला होता.

असो. मागण्या लिहितो, जास्त नाहीत.

ठराव मागे घ्या. गणपतीत गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी देवळात बसतोच आपण, तेव्हा. पालखी अडवण्याची भाषा तर आधी काढा, कारण कुणाला असं वाळीत टाकणं हा २०१७पासून आपल्या राज्यात गुन्हा आहे, आणि मला आपल्या माणसांत पोलीस आणायचे नाहीत, पण उद्या दुसरा कुणी आणेल.

ज्यांना आपलं घर द्यायचंच नाही त्यांनी देऊ नका, जबरदस्ती नाही, घर तुमचं आहे. ज्यांची तयारी आहे त्यांनी मला नाव सांगा. ६३ पैकी ५ घरं मिळाली तरी पुरे. पहिलं सिस्टरला, एक त्या नेपाळी कुटुंबाला, बाकी शाळेत पोरं घालणारा कुणीही येऊ दे, आडनाव विचारायचं नाही. करार रजिस्टर, पोलिसात माहिती, भाडं थेट तुमच्या खात्यात. देवघराची खोली तुमच्या कुलपात राहील आणि गणपतीचे दिवस ओटी-माजघर तुमचं, हे करारातच लिहू, त्या दिवसांत भाडेकरू मागच्या पडवीत नाहीतर माझ्याकडे राहील. सिस्टरला मी हे विचारलंय, ती म्हणाली, गणपती आहे म्हटल्यावर मी मोदक करायलाच येईन की.

कमानीच्या ९ लाखांतले ३ लाख घरं शाकारायला, वासे बदलायला आणि संडास दुरुस्तीला द्या. कमान दोन फूट कमी उंच झाली तर देव रागावणार नाही.

आणि गावात बारा महिने राहणाऱ्यांशी संबंधित ठराव असेल तर त्यात आमचं मत आधी विचारा. हात वर करून १९ विरुद्ध सव्वाशे असं असेल तर आम्ही मिटिंगला नुसत्या खुर्च्या मांडायला येतो का?

कुणाला राग आला असेल तर फोन करा, नंबर तोच आहे. शिव्या दिल्यात तरी ऐकून घेईन, लहान आहे तुमच्यापेक्षा. फक्त सिस्टरची बदलीची खटपट चालू आहे, तिने दिवाळीपर्यंत वाट बघते म्हटलंय, तेव्हा गणपतीत काय ते ठरवा, मार्गशीर्षात ठरवून उपयोग नाही.

तुमच्या किल्ल्या सांभाळणारा,
बाजारपेठेतला वायरमन

ता.क. तात्या, वरच्या घराचा कोनवासा खचलाय, कालच्या पावसात पाणी सरळ माजघरात येतंय. मी ताडपत्री टाकून आलोय पण ती आठवडाभर टिकेल फार तर. शाकारणारा माणूस हजार रुपये रोज सांगतोय आणि दोन दिवसांचं काम आहे. करून घेऊ का, तेवढं आजच कळवा.